ओवी, भजन आणि शास्त्र

आपल्या संस्थेला आपण ‘महिला मंडळ’ म्हणतो, आणि आम्ही मराठी ख्रिस्ती लोक उपासनेसाठी जमणाऱ्या आमच्या समाजाला ‘मंडळी’ म्हणतो. चर्च म्हणजे इमारत आणि मंडळी म्हणजे माणसे, हा भेद आमच्या घरी लहानपणीच शिकवीत. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ असा आहे. बोलावून एकत्र जमविलेले लोक, असा त्याचा अर्थ. त्यासाठी जुन्या भाषांतरकारांनी ‘मंडळी’ हा शब्द योजिला हे मला नेहमीच फार समर्पक वाटत आले आहे. लग्नाला आलेली मंडळी, जेवावयास बसलेली मंडळी, घरची मंडळी, तशीच ही देवाची मंडळी. शब्द घरातला आहे. तो ऐकून कोणी बिचकत नाही.

परंतु असे घरातले शब्द आमच्या उपासनेला आपोआप मिळालेले नाहीत. नाताळच्या फराळाला येणाऱ्या शेजारणी मला अजून विचारतात, “तुमची प्रार्थना इंग्रजीतच असते ना?” आम्ही अभंग गातो, टाळ वाजवितो, आमच्यात कीर्तनेही होतात, असे सांगितले की त्यांना नवल वाटते. त्यांच्या नवलाचा मला राग येत नाही. उलट हा इतिहास आम्हीच त्यांना कधी नीट सांगितला नाही, असे मनात येते. मंडळाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने तो आज थोडक्यात मांडावा, असा विचार आहे. देवाशी बोलावयाचे ते कोणत्या भाषेत, आणि ती भाषा कोणी ठरवावयाची, हा या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे.

प्रारंभ करावयाचा तो गोमंतकापासून. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली मरण पावेपर्यंत तेथेच राहिला. त्याचे बरेचसे आयुष्य साष्टी प्रांतात गेले. हा काळ काही सुखाचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली होती, जुन्या पोथ्या नष्ट केल्या होत्या. धर्म बदललेल्या लोकांपाशी पूर्वीची पुराणे उरली नाहीत आणि नवे वाचावयासही काही नव्हते. ही गोष्ट आम्ही ख्रिस्ती लोकांनी झाकून ठेवू नये. ज्या हातांनी पोथ्या जाळल्या ते हात आमच्याच धर्माचे नाव घेत होते.

अशा ठिकाणी स्टीफन्सने काय केले? तो मराठी शिकला. नुसता बोलण्यापुरता शिकला नाही, तर पुराण रचण्याइतका शिकला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुन्या करारातला वृत्तांत आणि दुसऱ्या भागात ख्रिस्ताचे चरित्र, अशी त्याची मांडणी आहे. ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार. नाथांनी आपले भागवत १५७३ साली पुरे केले, म्हणजे हा इंग्रज गोव्यात उतरला त्याच्या अवघी सहा वर्षे आधी. ज्या छंदात नाथांनी भागवत सांगितले त्याच छंदात त्याने येशूची कथा सांगितली. स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटले. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती तर शाळेच्या पुस्तकांतूनही येऊन गेली आहे, म्हणून येथे पुन्हा सांगत नाही.

मराठी अक्षरांचे खिळे तेव्हा उपलब्ध नव्हते, म्हणून ग्रंथ रोमी लिपीत छापावा लागला. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पण या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज शिल्लक नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांच्या बोलीवरच बंदी घालणारा हुकूम काढला. तरीही ग्रंथ टिकला, तो हस्तलिखितांतून. गोवा सोडून कानडा जिल्ह्यात गेलेल्या कुटुंबांनी तो जपला आणि उपासाच्या दिवसांत घरोघर गायिला. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळुरास त्याची आवृत्ती निघाली. राजाच्या हुकुमापेक्षा घरातले गाणे अधिक दिवस टिकते, ते असे.

यानंतर दोनशे वर्षांनी प्रॉटेस्टंट मिशनरी आले. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरीने पंडितांच्या साहाय्याने मराठी नवा करार तयार करून १८११ साली छापला. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि त्यांचा मराठी नवा करार १८२६ साली बाहेर पडला. १८४२ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. १८५७ साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले. या मंडळींनी शाळा काढल्या, व्याकरणे लिहिली, छापखाने चालविले. त्यांचे ऋण मोठे आहे.

पण गाण्याच्या बाबतीत मात्र सुरुवातीस घोटाळाच होता. परदेशी चालींवर मराठी शब्द बसवावयाचे म्हणजे कोठे ऱ्हस्वाचा दीर्घ करावयाचा, तर कोठे शब्दाच्या मध्येच श्वास घ्यावयाचा. चाल साहेबाची, अक्षरे आपली, आणि दोघांची जन्मपत्रिका जुळत नाही. ज्यांना बाजाची पेटी वाजविता येत होती आणि पुस्तक वाचता येत होते त्यांचे निभले. पण शेतावर राबून आलेली, अक्षरशत्रू बाई तोंड मिटून बसे. कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या अहमदनगरच्या कवींनी देशी राग आणि कीर्तनाची पद्धत आणून या बाईचे तोंड प्रथम उघडले. पुढे जे मोठे पीक आले त्याची पेरणी अशी झाली होती.

ते पीक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, तो त्यांनी वाचला, आणि त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचे मन धरून ठेविले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर काय प्रसंग ओढवला तो लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिला आहे, आणि ते पुस्तक वाचले नाही अशी भगिनी आपल्या मंडळात क्वचितच असेल. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको हिंदू राहिली. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. पुढे एकत्र आली तरी लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाला पटल्यावर. नवऱ्याच्या मागोमाग त्या ओढल्या गेल्या नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

टिळकांचे म्हणणे असे की, आपण ख्रिस्ताकडे गेलो ते तुकोबांच्या पुलावरून. पुलावरून जाणारा मनुष्य पूल तोडून टाकीत नाही. त्यांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतले. वारकऱ्याने विठोबाला माउली म्हणावे, तसे त्यांनी ख्रिस्ताला आई म्हणून आणि गुरू म्हणून हाक मारली. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकात त्यांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मिशनच्या पगारावर राहून स्वदेशी मंडळी उभी राहावयाची नाही, असे त्यांना वाटू लागले होते. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते वारले. ‘ख्रिस्तायना’चे सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच तेवढे लिहून झाले होते. उरलेल्या ग्रंथाचा बहुतेक सर्व भार लक्ष्मीबाईंनी उचलला आणि साठांहून अधिक अध्याय रचले. ज्या बाईला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही तिने हे केले. तिला ओवी शिकावी लागली नाही. जात्यावर आणि पाळण्यापाशी ती तिच्या कानी पडलेलीच होती.

टिळकांच्या अगदी उलट वाट धरली ती पंडिता रमाबाईंनी. वस्तुतः संस्कृतचे ज्ञान पाहिले तर रमाबाईंच्या तोडीची स्त्री त्या काळी हिंदुस्थानात दुसरी दाखविणे कठीण. २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने रमेला शिकविले. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत. आईबाप आणि मुले तीर्थोतीर्थी हिंडत आणि पुराण वाचून निर्वाह करीत. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे की, त्यांचे कुटुंब पुराणे मूळ संस्कृतातच वाची, लोकभाषेत अर्थ सांगत नसे. ऐकणाऱ्याला कळो वा न कळो, ऐकण्याचे पुण्य पदरी पडते, अशी त्या वेळची श्रद्धा होती. दुष्काळात आईबाप उपासमारीने गेले.

१८७८ साली रमाबाई कलकत्त्यास पोचल्या. तेथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह, मनोरमेचा जन्म, आणि १८८२ साली वैधव्य, हे सारे पुढील चार वर्षांत घडले. त्याच साली पुण्यास त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. आज आपण जी महिला मंडळे चालवितो त्यांच्या आजीच्या ठिकाणी हा समाज शोभतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म घेतला म्हणून बुद्धी गहाण ठेविली नाही. मांसाहार त्यांनी पत्करिला नाही. त्यांनी धारण करावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे हवीत, असे तेथल्या सिस्टरांचे मत होते. रमाबाईंनी विचारले की, लॅटिनमध्ये असे काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? आपल्याला न समजणारी भाषा आपण गळ्यात का बाळगावी? पाद्री सांगतील ते प्रत्येक वाक्य मान्य करण्यास मी बांधलेली नाही, असेही त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना स्पष्ट कळविले. वयाच्या सत्ताविशीच्या सुमारास, परक्या मुलुखात, दुसऱ्याच्या आश्रयाला राहून हे लिहिणे सोपे नव्हते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. महर्षी कर्वे यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई, पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, या तेथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. सदन पुढे पुण्यास आले. मुलींना धर्मांतराकडे ओढले जाते या आरोपावरून १८९३ साली मोठे वादळ झाले आणि न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. या वादाची दुसरी बाजूही आपण समजून घ्यावी. ज्या घरातून मुलगी धर्म सोडून गेली त्या घराच्या दुःखाला काहीच किंमत नाही, असे मी म्हणणार नाही. पण टाकलेल्या विधवांना दार उघडणारी बाई त्या वेळी कोण होती, तेही विसरू नये. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी मुली आणि स्त्रिया आणिल्या. दौंडजवळच्या केडगावी ‘मुक्ती’ उभी राहिली आणि तेथे सुमारे दोन हजार जीवांचा संसार सुरू झाला.

या मुक्तीतच त्यांनी बायबलचे नवे मराठी भाषांतर करावयास घेतले. प्रचारात असलेले भाषांतर पंडिती आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, ही त्यांची पहिली तक्रार. दुसरी तक्रार अधिक खोल होती. त्यांच्या मते, संस्कृतातून आलेल्या कित्येक शब्दांना वेदान्ताचा आणि पुराणांचा जुना अर्थ चिकटलेला आहे. ते शब्द तसेच घेतले तर ऐकणारीच्या मनात येशूची गोष्ट न येता दुसरीच गोष्ट उभी राहील. म्हणून मूळ ग्रंथ मूळ भाषेतून वाचण्यासाठी त्या चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हिब्रूचे छोटे व्याकरणही त्यांनी मराठीत तयार केले. काम पंधराहून अधिक वर्षे चालले.

आणि हे सारे छापले कोणी? मुक्तीतल्या बायकांनी. दुष्काळातून हाडांचे सापळे होऊन आलेल्या मुली तेथे अक्षरे शिकल्या आणि पुढे त्यांनीच खिळे जुळविले, यंत्र चालविले, फर्मे मोडले, शिवले आणि पुस्तक बांधले. १९२१ साली कन्या मनोरमा गेली तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि १९२४ साली संपूर्ण बायबल छापून पुरे झाले. एका स्त्रीने सबंध बायबल भाषांतरित करावे आणि स्त्रियांनीच ते छापावे, याला जगाच्या इतिहासातही फार जोड्या सापडणार नाहीत.

आता या दोन वाटा शेजारी ठेवून पाहा. टिळक म्हणतात, संतांचे शब्द घ्या, त्यांत मराठी माणसाचे हृदय आहे. रमाबाई म्हणतात, जपून घ्या, त्या शब्दांबरोबर जुना अर्थही येतो. तीनशे वर्षांपूर्वी ‘वैकुंठ’ म्हणणारा स्टीफन्स टिळकांच्या बाजूचा. आमच्या मंडळीत या प्रश्नावर अजूनही दोन पक्ष पडतात. कोणी म्हणतो, टाळमृदंगाने ख्रिस्ती उपासनेचे वेगळेपण जाते. कोणी म्हणतो, बाजाची पेटी तरी कोणत्या बायबलात आहे? मी दोन्ही पक्षांचे ऐकत आले आहे, आणि माझे यथामती मत येथे देते.

रमाबाईंचे भाषांतर मंडळीत फारसे रूढ झाले नाही. मूळ शब्दाला घट्ट धरून राहिल्यामुळे त्याची वाक्ये कित्येक ठिकाणी कानाला अडखळतात. टिळकांची गीते मात्र गावोगाव पसरली. यावरून टिळक जिंकले आणि रमाबाई हरल्या असे कोणी म्हणेल, पण मला ते बरोबर वाटत नाही. गाताना मनुष्याला आपलेपणा हवा असतो आणि शिकताना नेमकेपणा हवा असतो. गाणे टिळकांच्या वाटेने जावे, शिकविणे रमाबाईंच्या वाटेने जावे. दोघांनी डोळ्यांसमोर ठेविली ती व्यक्ती मात्र एकच होती. उपासनेच्या वेळी अगदी शेवटच्या बाकावर, मूल मांडीवर घेऊन बसलेली, पुस्तक हाती नसलेली बाई. रमाबाईंनी बालपणी असे श्रोते पाहिले होते, ज्यांना पुण्य मिळे पण अर्थ मिळत नसे. पुन्हा तसे होऊ नये म्हणून त्यांनी आपले संस्कृत बाजूला ठेविले. ज्याच्यापाशी असते त्यानेच ते बाजूला ठेवणे, याला मी त्याग म्हणते.

या प्रश्नावर शास्त्रात काय आहे? पौलाने करिंथच्या मंडळीला जे पहिले पत्र लिहिले त्याच्या चौदाव्या अध्यायात याच विषयाची चर्चा आहे. न समजणाऱ्या भाषेतल्या हजारो शब्दांपेक्षा समजतील असे चारपाच शब्द बोललेले बरे, असा त्याचा आशय आहे. गंमत अशी की, त्याच अध्यायाच्या शेवटी स्त्रियांनी मंडळीत गप्प बसावे असे सांगणारी वाक्येही आहेत. ही वाक्ये आम्हा बायकांना पुष्कळदा ऐकविण्यात आली आणि पहिली मात्र क्वचितच. वस्तुस्थिती काय आहे? घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखविणाऱ्या ‘बायबल-बाया’ होत्या, त्या मराठीतच बोलत. रविवारच्या शाळेत मुलांना गोष्टी सांगणाऱ्या बायका. ‘ख्रिस्तायन’ पुरे करणारी बाई. बायबल भाषांतरित करणारी बाई. मराठी मंडळीची वाणी ज्यांनी घडविली त्यांना गप्प राहा म्हणणे इतिहासाला धरून नाही. आज काही मंडळ्यांत स्त्रियाही पाळक होतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

येथवर मी बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळीविषयी लिहिले. वसईकडील आपल्या कॅथॉलिक भगिनींचा इतिहास निराळा आहे. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. तेथल्या लोकांनी धर्म घेतला तरी घरातली बोली सोडली नाही, पण मिस्सा मात्र लॅटिनमध्येच चाले. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून न समजणारे शब्द म्हणत आणि बायका आपापल्या जपमाळेत गुंतलेल्या असत. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. ४ डिसेंबर १९६३ रोजी तिने उपासनेविषयीचा जाहीरनामा काढला आणि लोकभाषेला वाट मिळाली. रमाबाईंनी लॅटिन अक्षरांविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका अर्थी ऐंशी वर्षांनी रोमहून आले.

याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणिले. त्याला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान मिळाल्याचे पाहून काही लोकांनी विरोध केला. पण महाराष्ट्राने त्यांचे भाषण ऐकून घेतले. २०२४ साली ते वारले. क्रिस्तपुराणापासून सुबोध बायबलापर्यंत मोजले तर मराठीत येशूची कथा सांगण्याला चारशे वर्षे होऊन गेली. इतकी वर्षे ज्या भाषेत आम्ही रडलो, गायिलो आणि आपली माणसे पुरली, ती भाषा आमची नाही असे कोणी म्हटले तर काय वाटत असेल, हे शेजारणींनी समजून घ्यावे.

तथापि आज भाषेला भय बाहेरच्यांपासून नाही, घरातूनच आहे. हल्ली आमची मुले इंग्रजी शाळेत जातात. त्यांना मराठी बोलता येते, पण बायबलची मराठी ओळ वाचताना ती अक्षर अक्षर लावतात. तरुणांच्या उपासनेत गिटार आणि ढोल असतात, शब्द भिंतीवर उजेडाने उमटतात, गाणी इंग्रजी किंवा हिंदी असतात. माझी नात मला म्हणाली, “आजी, देवाला इंग्रजी येत नाही का?” मी म्हटले, “देवाला सगळ्या भाषा येतात, बाळ. प्रश्न तुझ्या पणजीला येत होती ती भाषा तुला येते की नाही, एवढाच आहे.” मुलांवर रागावून उपयोग नाही. गिटारही वाईट नाही. साहेबाच्या चालीवर मराठी शब्द ओढूनताणून बसविण्यापेक्षा मुले आपल्या काळाच्या चालीवर मनापासून गातात हे बरेच. पण त्याच वेळी शेवटच्या बाकावरची आजी पुन्हा तोंड मिटून बसू लागली आहे. सांगळ्यांनी आणि टिळकांनी जे तोंड उघडले ते आपण आपल्या हातांनी बंद करीत आहोत, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

यावर उपाय म्हणून मोठे ठराव करून भागणार नाही. सोप्या दोन गोष्टी मला सुचतात. पहिली, प्रत्येक ख्रिस्ती घरात रात्रीच्या प्रार्थनेला मुलांनी मराठीतून चार ओळी मोठ्याने वाचाव्यात. अडखळली तर अडखळू द्यावीत, हसू नये. दुसरी, टिळकांची भजने नव्या पिढीने आपल्या वाद्यांवर बसवावीत. वाद्य कोणतेही असो, शब्द कळले पाहिजेत. हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन भगिनींच्या घरीही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. हरिपाठ पाठ असलेली आजी आणि हरिपाठाचा अर्थ न कळणारा नातू, ही जोडी आता घरोघर आहे. तेव्हा हा विषय एकट्या ख्रिस्ती मंडळीचा राहत नाही.

आपल्या मंडळात सगळ्या जातीधर्मांच्या बायका एका सतरंजीवर बसतात. वर्षातून एक दिवस तरी प्रत्येकीने आपल्या घरातले प्रार्थनेचे गाणे म्हणून दाखवावे आणि त्याचा अर्थ सोप्या मराठीत सांगावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. कोणी कोणाचा धर्म घ्यावा म्हणून हे सांगत नाही. शेजारीण कोणत्या शब्दांनी देवाला हाक मारते हे कळले म्हणजे तिच्याविषयीचे पुष्कळ गैरसमज आपोआप गळून पडतात. मंडळाचे कार्य असेच वाढत राहो, आणि मागच्या रांगेतल्या भगिनीलाही त्यातला प्रत्येक शब्द कळो, अशी प्रभूचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करते.